बिनडिंकाची सफेदी

पोस्टात झाडलोट करणाऱ्या मावशींमुळं मी आज नांदेडात टिकून आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं सुडाचं आहे.

माझं गाव चाकूरकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं इथं एका रंगकामाच्या ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. घरची आठवण आली की जुन्या पेठेतल्या पोस्टात जाऊन बसायचो. तिथं भिंतीवर निजामाच्या काळातलं मोठं चित्र आहे. घुंगरांचा भाला घेतलेला डाकवाला गोदावरीच्या काठानं पळतोय, पाय चिखलानं भरलेले. माझा बाप शेतातून यायचा तो अस्साच. मी बघत बसलो की मावशी म्हणायच्या, "पाय वर घे रे, झाडू दे. तो काय पळून जात न्हाई."

पुढं त्याच पोस्टाचं काम आमच्या मालकाला मिळालं. चित्राला हात लावू नका, असं पोस्टमास्तरांनी बजावलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते आणि मालकाला ती भिंत कळकट दिसली.

"मार सफेदी."

"मालक, लई जुनं हाय ते. लोकं बघायला येत्यात."

"सातवी शिकलेला मला इतिहास शिकवून राहिला! जातो का परत चाकूरला, शेळ्या राखायला?"

सगळे मजूर हसले. मी बादली उचलली.

चुन्यात डिंक घालावा लागतो, नाहीतर वाळला की अंगाला लागतो. मी डिंक घातलाच नाही. पुडी जिन्याखाली सारली अन् पातळ हात मारला. मावशींनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर फोटो काढायला मालक काळी सफारी घालून त्याच भिंतीला टेकला. वळला तर पाठ पांढरीफटक, आणि भिंतीवर डाकवाल्याचं निम्मं तोंड उघडं.

"ठेकेदारानं पाठीनं चित्र काढलं की!" कुणीतरी ओरडलं.

पोस्टमास्तरांनी मालकाच्या हातात कोरडं फडकं दिलं. सगळ्यांदेखत तो भिंत पुसत राहिला, नाकातोंडात चुना. मला आत कसं गार गार वाटलं! अजून आठवलं तरी वाटतं.

मग तो माझ्या अंगावर आला. "डिंक कुठाय?"

मावशी झाडू घेऊन मध्ये आल्या. "मी नेला. लेक बाळंत झालीया, लाडवाला पायजे होता."

लोक हसले. पोस्टमास्तर मात्र हसले नाहीत. सगळ्यांपुढं ते मावशींना चोर म्हणाले. मी गप्पच उभा राहिलो.

"असं का केलं, मावशी?" मी मागाहून विचारलं.

"तुला हाकललं असतं. मला काय, चार शिव्या."

अजून मी त्याच मालकाकडं आहे; बोलायला जीव घाबरतो. पण मावशी, माझं स्वतःचं काम सुरू झालं की मी पोस्टाच्या कौंटरपाशी येईन, मालकालाही बोलावीन, आणि पुडी मी लपवली होती हे मोठ्यानं सांगीन. तुमच्यावरचं चोरीचं नाव मी पुसणार.