माकडं मोजली, आई मोजली नाही

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथेच लिहितो.

इकडे उत्तरेत, नदीकाठी दुर्गाघाटच्या आमच्या घरात अलार्म मी स्वतः बसवलाय. कोर्स केला नाही, सगळं वाचून शिकलो. आई ब्याऐंशीची, विसरते. ती दाराकडे निघाली की भोंगा वाजावा, एवढ्याचसाठी तो होता.

पण अंगणात माकडं उतरली तरी वाजायचा आणि गल्ली शिव्या द्यायची. म्हणून गेल्या आठवड्यात सेन्सर बदलला. नवा जमिनीलगतची छोटी हालचाल सोडून देतो. टेपने उंची मोजून लावला. माकडं आली, भोंगा गप्प. मी खूश!

आज सकाळी फुलवाली धावत आली. "भैया, माताजी घाट की सीढ़ी पर हैं, पानी के पास!"

आईचे गुडघे गेलेत. ती बसून सरकत जाते.

तिला उचलून आणलं आणि तडक सेन्सर घेतला त्या दुकानात जाऊन दुकानदारावर ओरडलो. तो म्हणाला, "भाईसाहब, हमने पूछा था, घर में जमीन पर कौन चलता है। आप बोले, सिर्फ़ बंदर।"

घरी आई म्हणते, "भोंगा ओरडला नाही रे. मला वाटलं, जा म्हणतोय."

जुना सेन्सर परत लावलाय. गल्लीने खुशाल शिव्या द्याव्यात.

तुमच्यापैकी कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी असं काही लावलंय? लावल्यावर त्यांना एकदा त्याच्यासमोरून जायला सांगितलंत? मी सांगितलं नव्हतं. माकडांवर मात्र चार दिवस नजर ठेवून होतो.