कुलपाचं झाकण

संपत मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं तो माझी गाडी चालवत होता आणि एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी दोन शब्द गोड बोलल्याचं मला आठवत नाही. मी बायकांची डॉक्टर. सदाशिव पेठेत माझा दवाखाना, आणि आठवड्यातून तीन दिवस सकाळी खडकीला कामगार वसाहतीतल्या दवाखान्यात जायचं. यजमान गेले तेव्हा त्यांची पांढरी डिझेल गाडी मागे राहिली. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून संपत आला.

तो बाणेरचा. नोकरीला लागला तेव्हा घरचं रान होतं. पुढे गाव शहरात आलं, भावांनी रान बिल्डरला दिलं. थोरल्या भावाने पुढे केलेल्या कागदावर संपतने न वाचता सही केली आणि त्याच्या वाट्याला एक खोली आली. तेव्हापासून तो प्रत्येक कागद वाचायला लागला. डिझेलची पावतीसुद्धा वरपासून खालपर्यंत वाचायचा, आणि मी मागे घड्याळ बघत चडफडत बसायचे.

बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते न बोलता तर बरं. "उद्या जरा लवकर ये," म्हटलं की "बघू." लक्ष्मी रोडच्या गर्दीत "हॉर्न वाजव ना," म्हटलं की "समोरच्याला दिसतंय की." त्याच्या बायकोला, शकूला, तिसऱ्या खेपेचे दिवस भरले तेव्हा मी आपणहून म्हटलं, माझ्याकडे घेऊन ये, एक पैसा घेणार नाही. त्याने तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. मला कळलं ते पेढ्यावरून. तो पेढा मी सोजरबाईला देऊन टाकला. सोजरबाई म्हणजे माझ्या दवाखान्यातली आया.

मग इतकी वर्षं ठेवला कशाला? तर तो वेळेवर यायचा आणि गाडीवर ओरखडा उठू द्यायचा नाही. पेठेत असा ड्रायव्हर मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यामुळे तर मला जास्तच राग यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर डिझेल जास्त जायला लागलं. टाकी भरली की दहा-बारा दिवस बघावं लागत नसे, तो काटा आता आठवड्यातच खाली येई. मी ठरवून टाकलं की संपत डिझेल काढतो. कुणाला विचारलं नाही, काही पडताळून पाहिलं नाही. पोटावर हात ठेवल्याशिवाय मी पेशंटला साधी गोळी लिहून देत नाही. संपतच्या बाबतीत मात्र निदान आधी झालं आणि तपासणी राहूनच गेली. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानातून मी टाकीला किल्लीचं झाकण आणलं, बसवून घेतलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"रस्त्यावरची पोरं टाकीत काहीबाही टाकतात, म्हणून," मी संपतला म्हटलं.

त्याने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. तीही रोज नाही. सकाळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, अर्धा-पाऊण तास छान चालायची, आणि विद्यापीठाच्या पुढे कुठेतरी आचके देऊन उभी राहायची. संपत बॉनेट उघडून डिझेल ओढायचा हातपंप मारत बसायचा. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. पेठेतल्या पेठेत फिरताना तिला काहीच होत नसे. एकदा खडकीला एक बाई कळा देत माझी वाट पाहत होती आणि मी रस्त्याच्या कडेला उभी. मी पोचेपर्यंत तिला दुसरीकडे हलवलं होतं. त्या दिवशी मी संपतला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. तो रुमालाने हात पुसत उभा राहिला. त्या हातांना डिझेलचा वास येत होता. मला तेवढंच हवं होतं. हातपंप मारला की हाताला डिझेल लागणारच, हे मला सुचलंच नाही. कुलूप लावलं म्हणून हा सूड उगवतोय, गाडी मुद्दाम बंद पाडतोय आणि डिझेलही काढतोय, असं मी सोजरबाईला सांगितलं. बाहेर बसलेल्या पेशंटनीही ते ऐकलं. ऐकू दे, म्हटलं.

त्याच सुमाराला पलीकडच्या गल्लीतले डोळ्यांचे डॉक्टर दीनानाथ घाणेकर यांचा फोन आला. "तुमचा संपत माझ्याकडे नोकरी विचारायला आला होता. माणूस कसा आहे?"

माझ्या पाठीमागे दुसरी नोकरी शोधतो म्हणजे काय! माझा तिळपापड झाला. "गाडी बरी चालवतो," मी म्हटलं. "हात मात्र स्वच्छ नाहीत."

"असं का? बरं झालं विचारलं," घाणेकर म्हणाले.

पेठेत डॉक्टर डॉक्टरच्या शब्दावर ड्रायव्हर ठेवतो. एकाने नाही म्हटलं की ते चार दवाखान्यांत पोचतं. हे मला पुरतं माहीत होतं आणि माहीत असूनच मी बोलले. दोन दिवसांनी गाडी चालवता चालवता, मागे न बघता, संपतने विचारलं, "घाणेकर डॉक्टरांशी बोलला का तुम्ही?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मला जे वाटतं ते."

गाडी त्या दिवशी दोनदा बंद पडली.

खडकी बाजारात गुलजारभाई मिस्त्रीचं गॅरेज होतं. आधीची बरीच वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. स्वभाव असा की गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की ते पाना उचलून कशावर तरी ठोकायचे, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे. पहिल्या खेपेला त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्यांचे जोड आवळले. चार दिवस गाडी नीट चालली. मग मी टाकी पूर्ण भरून घेतली आणि दुसऱ्याच सकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्यांनी हत्यार हातात न घेता नुसते प्रश्न विचारले. कधीपासून? किती अंतर गेल्यावर? ऊन असताना की थंडीत? संपतने उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाला, "टाकी भरली का जास्त बंद पडतीय."

गुलजारभाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "डॉक्टरीणबाई, हे सुरू व्हायच्या आधी गाडीत नवीन काय बसवलं?"

हाच प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारते. बाई, हे सुरू व्हायच्या आधी काय खाल्लं, कुणी काय दिलं? आणि समोरची बाई कुणीतरी दिलेली मुळी पोटात घेऊन बसलेली असते नि म्हणते, काही नाही. अशा बायकांना मी फाडून खाते.

"काही नाही," मी म्हटलं.

ड्रायव्हर चोर आहे म्हणून कुलूप लावलं, हे त्याच्याच समोर सांगायची मला लाज वाटली. संपत मडगार्डला टेकून उभा होता. आता हा बोलणार, असं वाटलं. त्याने तोंड फिरवलं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिला.

लाज वाटली की मी जास्त चिडते. "गुलजारभाई, मला फक्त एवढं सांगा, हा गाडी मुद्दाम बंद पाडतोय की नाही? तुम्ही हो म्हणालात की आजच्या आज याला घरी पाठवते."

गुलजारभाईंनी पाना उचलला, पण ठोकला नाही. "गाडी माझ्यासमोर बंद पडेपर्यंत मी कुणाचंच काही सांगणार नाही. शुक्रवारी टाकी भरून आणा. मी चालवतो. हा मागे बसेल."

शुक्रवारी खडकीचं काम आटोपल्यावर आम्ही निघालो. स्टिअरिंगवर गुलजारभाई, मागे मी आणि संपत. अकरा वर्षांत आम्ही शेजारी बसायची ती पहिलीच वेळ. तो त्याच्या खिडकीतून बाहेर बघत होता, मी माझ्या. पिंपरी गेली, चिंचवड गेलं, तिथून मागे वळलो. गाडी मख्खनसारखी चालत होती आणि मला आतल्या आत आनंद होत होता. संपत पुढे नाही म्हणून बंद पडत नाही, आता सांग म्हणावं. दापोडीच्या अलीकडे गाडीने आचका दिला. मग दुसरा. गुलजारभाईंनी ती कडेला घेतली आणि इंजिन गप झालं. पेडलवर पाय त्यांचा होता.

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. सरळ गाडीच्या मागच्या अंगाला गेले. "टाकी उघडा."

"किल्ली बाईंकडं हाय," संपत म्हणाला.

गुलजारभाईंनी झाकणाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे. मी पर्समधून किल्ली काढून दिली. त्यांनी ती फिरवली आणि झाकण सैल करताच टाकीने केवढ्याने तरी हवा आत ओढली. रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या माणसानेही मान वळवून पाहिलं.

"जेवढं डिझेल खर्च होतं तेवढी हवा आत यायला पाहिजे," गुलजारभाई म्हणाले. "गाडीच्या मूळ झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ह्याला नाही. हवा नाही मिळाली की डिझेल इंजिनाकडे जात नाही. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर बंद. उभी राहिली की झाकणाच्या फटीतून थोडी थोडी हवा शिरते, मग चालू. हे कधी बसवलं?"

"दिवाळीनंतर."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

मी पर्स बंद केली. ते संपतकडे वळले. "आणि तू रे? तुझी नोकरी चालली होती."

"कुलूप मी लावलं न्हाई," संपत म्हणाला. "ज्यानं लावलं त्यानं सांगावं."

तिथेच थांबले असते तर थोडी तरी अब्रू राहिली असती. पण मी विचारलं, "मग डिझेल जास्त का जात होतं?" गुलजारभाईंनी खाली वाकून मागच्या चाकाजवळ हात नेला आणि मला म्हणाले, तुम्हीही बघा. मी हात नेला आणि चटकन मागे घेतला. चाक चांगलंच तापलं होतं.

"ब्रेक धरून बसलाय. सुटतच नाही. गाडी सारखी ओढत नेतेय, डिझेल जाणारच."

"दिवाळीलाच सांगितलं होतं बाईस्नी, मागचा ब्रेक धरतोय म्हनून," संपत गुलजारभाईंनाच सांगत होता. "म्हनल्या, तुला गाडीतलं काय कळतं."

मी तसं म्हटलं होतं. शब्दन् शब्द तसंच.

टाकीच्या तोंडाला फडकं बांधून आम्ही गॅरेजपर्यंत आलो. गुलजारभाईंनी ब्रेक मोकळा केला, झाकणाला भोक पाडलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले. तिथून सदाशिव पेठेपर्यंत संपतने गाडी आणली. ती कुठेही अडली नाही. वाटेत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. माफी मागायची सवय नसली की शब्द सापडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही त्याचाच राग येत होता. एक शब्द बोलला असता तर हे सगळं टळलं असतं.

दवाखाना भरलेला होता. मी आत गेले आणि माझ्या मागोमाग संपतही आला. तो सोजरबाईच्या टेबलापाशी उभा राहिला. टेबलावर फोन होता.

"घाणेकर डॉक्टरांस्नी फोन लावा," तो म्हणाला.

"पेशंट बसलेत, संपत."

"पेशंटसमोरच बोलला होता तुम्ही. त्यांच्यासमोरच लावा."

सात-आठ बायका माझ्याकडे बघत होत्या. सोजरबाईने फोन माझ्याकडे सरकवला. मी नंबर फिरवला. घाणेकरांनी उचलला आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की संपतबद्दल मी बोलले ते साफ खोटं होतं, त्याने कशालाही हात लावलेला नाही, चूक माझी होती. अशा माणसाला तुम्ही खुशाल कामावर घ्या.

घाणेकर म्हणाले, "अहो मंदाकिनीबाई, मी सोमवारीच दुसरा माणूस ठेवला. आता काय करू सांगा."

मी रिसीव्हर खाली ठेवला. बघतो म्हणाले, असं सांगता आलं असतं. पेशंटला मी असं अनेकदा सांगते. पण संपत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला," मी म्हटलं. "सोमवारी."

संपतने मला शिव्या द्याव्यात, गाडीची किल्ली माझ्या अंगावर फेकावी आणि निघून जावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. त्याने किल्ली खिशातून काढलीसुद्धा. हातात धरून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिशात घातली.

"उद्या कितीला येऊ?" त्याने विचारलं.

"साडेआठला," मी म्हणाले.