निवेदिताच्या निऱ्या

निवेदिता माझी पुतणी. लहानपणापासून आम्ही तिला मुलगा समजून शौनक म्हणत आलो. नागापूरच्या एका कारखान्यात ती तयार झालेले सुटे भाग तपासते. मला लिहिण्याची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

आमच्याकडच्या गौरींना साड्या नेसवायचं काम शाळेत असल्यापासून तिचंच. तशा निऱ्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. पण पुढे पुढे ती निऱ्या घाली, सोडी, पुन्हा घाली. मुहूर्त टळून जाई. गॅसचं, कुलपाचंही तेच. आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, त्याला डॉक्टर ओसीडी म्हणाले.

मग एक दिवस तिनं सांगितलं, मी मुलगी आहे. आजारानं तेही धरलं. दिवसभर माझ्यामागे, "काका, मी खरंच मुलगी आहे ना? की हाही मंत्रचळच?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, तिनं कितीही विचारलं तरी खात्री द्यायची नाही, दिली की मंत्रचळ वाढतो. गप्प बसणं मला आयुष्यभर जमलं, तिच्यापुढे मात्र फार जड गेलं. मी आपला चहा टाकायला उठायचो.

माझी भावजय अंबिका, निवेदिताची आई, आशेवर होती. "डॉक्टर, गोळ्यांनी दोन्ही आजार जातील ना?"

"आजार एकच आहे, ताई. मुलगी असणं हा आजार नाही."

अंबिकानं गोळ्यांची चिठ्ठी उचलली आणि औषधांच्या दुकानाकडे चालू लागली.

उपचारांनी निवेदिताचे प्रश्न थांबले. मुलगी असणं तसंच राहिलं. तिनं केस वाढवले, नाव निवडलं. आईच्या तोंडून मात्र ते नाव निघेना.

आमच्याकडे गौरींचे मुखवटे उंबऱ्यातून लेकीसुनाच आत आणतात. थोरली गौर अंबिका आणते, धाकटी शेजारची रोहिणी. यंदा साड्या नेसवून झाल्यावर निवेदिता नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी राहिली. नजर ताम्हनातल्या मुखवट्यांवर.

"रोहिणी, तू थाळी वाजव," अंबिका म्हणाली. मग वळून, "निवेदिता, बघत काय राहिलीस? ओढणी घे डोक्यावर. धाकटीला कोण आणणार?"

"आई, मी?"

"मग काय काका आणणार?"

रोहिणी हसत सुटली, थाळी वाजवायची राहिली. दोघी हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत आल्या.

मुखवटे बसवल्यावर अंबिका म्हणाली, "अगं, धाकटीची एक निरी सुटलीय बघ."

निवेदिताचा हात पुढे गेला आणि थांबला.

"असू दे, आई. छान दिसतेय," ती म्हणाली, आणि आरतीचं तबक आणायला आत गेली.