तुरीच्या खुंटांचं मैदान

कामरगावातून जीप सुटली तेव्हा मी मागच्या फळीवर अर्धा आत, अर्धा बाहेर लटकलो होतो. मांडीवर पिशवी होती. पिशवीत मायनं बांधून दिलेला ठेचा आणि त्याला खेटून माझे फुटबॉलचे बूट. जीप चालवणारा पिंट्या, माझा शाळेतला दोस्त आणि आमच्या टीमचा गोलकीपर, "सरक नं बे, सवारी घेऊ दे" म्हणून माझ्यावर खेकसत होता. बाबा जीपबरोबर थोडे चालले. कलकत्त्याच्या क्लबात फॉरवर्ड म्हणून चाललेल्या पोराला ते काहीतरी मोठं सांगतील असं मला वाटलं.

"पाय उचलून चालजो," ते म्हणाले आणि वावराकडे वळले.

मला राग आला. हे तर ते रोजच म्हणायचे. ज्यांनी कापलेली तूर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: विळ्यानं तूर कापली की जमिनीत वीतभर खुंट उरतात, तिरपे आणि टोकदार. ट्रॅक्टर येऊन ते उपटेपर्यंत आमचं वावर रिकामं असायचं, आणि तेच आमचं मैदान. बॉल जमिनीवर लोळला की फुटायचा, म्हणून तो हवेत ठेवायचा. माणूसही लोळला की फुटायचा, म्हणून गुडघे छातीपर्यंत उचलून पळायचं. त्यातून माझं डोकं तयार झालं, म्हणजे हेडर मारण्यापुरतं. अमरावतीच्या एका स्पर्धेत कलकत्त्याच्या क्लबच्या कोचनं ते डोकं पाहिलं आणि मला उचललं. पाय बघायचे राहून गेले.

कलकत्त्यात मैदान म्हणजे गादी. त्या गादीवर मी नाला ओलांडत असल्यासारखा पळायचो. "गवतात साप आहे का रे?" कोच हिंदीत विचारायचे. बाकीचे मला बगळा म्हणत. पहिल्याच मॅचमध्ये गोलकीपर आडवा पडला, समोर सताड उघडा गोल, आणि बॉल अगदी प्रेमानं, गवतावरून सरपटत माझ्याकडे आला. मी पाय उचलला. बॉल खालून निघून गेला. एवढ्या लोकांना एकाच वेळी हसवणारा आमच्या तालुक्यातला मी पहिलाच असेन. मग कोचनं घोट्यांना दोरी बांधून मला पळवलं. पावलं जमिनीलगत आली आणि गोलही व्हायला लागले. पेपरात फोटो आला, तो पिंट्यानं जीपच्या काचेला चिकटवला.

बाबांनी मात्र माझा गोल कधी पाहिला नाही. कलकत्त्याला एकदाच आले, मायला घेऊन, धुतलेलं धोतर नेसून. त्या दिवशी कोचनं मला बाकावरून उठवलंच नाही. मॅच संपल्यावर बाबांनी विचारलं, "बसूनच राह्यचं होतं तं कामरगावात काय ओटा नोयता?" माय त्यांच्यावर खेकसली, पण तीही पदराआड हसत होती. मीही हसलो. रात्री त्यांना माछ-भात वाढला, तर बाबांनी काटे मोजल्यासारखे बाजूला काढले आणि गुपचूप ठेच्याची पुडी उघडली.

आता बाबांना प्रवास झेपत नाही आणि माझ्या गुडघ्याला मी झेपत नाही. क्लबनं अजून एका मोसमाचं विचारलं आहे. यंदा सुट्टीत घरी गेलो तर बाबा म्हणाले, "मले त्या मोबाइलवर तुहा गोल दिसत नाही. अठीच करून दाखव." तूर नुकतीच कापली होती. जुनी टीम जमली. पिंट्याचं पोट आता अर्धा गोल एकट्यानं अडवतं. बाबा वावराच्या कडेला धुऱ्यावर, बाभळीच्या सावलीत बसले.

मी अगदी रुबाबात, कलकत्त्याच्या चालीनं निघालो. चौथ्याच पावलाला खुंटानं अंगठा धरला आणि मी तोंडावर आपटलो. नाकात माती, हातात काटे. धुऱ्यावरून आवाज आला, "पाय उचल नं बे! पाय घासाले शिकवलं काय तुले तठी?"

उरलेला वेळ मी पाय उचलायची आठवण ठेवत पळालो. आणि जो माणूस आठवण ठेवून पळतो, तो गोल करत नाही. जी सवय मोडायला कोचला दोरी लागली होती, ती पुन्हा बसवायला आता माझ्याकडे दोरी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये बसताना बाबा खुंटांकडे बघत उभे होते. मी ते "पाय उचलून" ऐकायला पिशवी चढवत, उतरवत उगाच रेंगाळलो. पिंट्या बोंबलला, तेव्हा बसलो.

परवा मायचा फोन आला. आजूबाजूची सगळी वावरं नांगरून झाली, आमच्यात मात्र खुंट तसेच उभे आहेत. ट्रॅक्टरवाला दोनदा परत गेला. लोक बाबांना विचारतात, "काहून थांबले बुवा?" बाबा सांगतात, "पोराचा गोल बाकी हाये." मिरगाच्या आत तरी नांगर लागायला हवा, असं माय म्हणाली, आणि मग जरा थांबून, "तू कवा येतं?"

इतकी वर्षं मला कोणी घर विचारलं की मी माय, ठेचा, ओटा सांगायचो. आता डोळ्यांसमोर ते वावर येतं, एकटंच न नांगरलेलं.

क्लबला अजून उत्तर दिलेलं नाही. पण आज सकाळी सरावाआधी गवतावर मी एकटाच फेऱ्या मारत होतो, गुडघे छातीपर्यंत उचलून. आमचा नवा गोलकीपर बूट बांधता बांधता हसला. "दादा, गवतात साप आहे का?"

मी गुडघे अजून वर घेतले.