तिळूची उसण

मालन पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे घाटकोपरच्या त्या चाळीत कुणाची पाठ धरली की तो चहाआधी मालनच्या दारात पालथा पडलेला असायचा. ती पदर खोचून तीनदा हलकेच पाय लावायची आणि माणूस उठून बसेपर्यंत तोऱ्यात उभी राहायची.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिची कुत्री तिळू मागचा उजवा पाय उचलून चालू लागली. बारा वर्षांची, मांजराएवढी. संपात गिरणी सुटल्यापासून मालनचा नवरा धाकू मरोळला रात्रपाळीचा वॉचमन होता आणि दिवसभर घोरायचा. घरात बोलायला तिळूच. ती गेली तर, या विचारानेच मालनला घास उतरेना.

"म्हातारी झाली ती. सांधे गेले," शेजारचे भाऊराव म्हणाले. "आता फार दिवस नाही काढायची."

मालनने ते कानाआड केलं. उसणच असणार, दुसरं काय. रोज सकाळी ती तिळूच्या पाठीला पाय लावू लागली. तिळूला हे शास्त्र कुठलं कळायला? तिला वाटलं, लाथ बसली. चौथ्या दिवशी मालनचं पाऊल दिसताच ती खाटेखाली शिरली आणि भाकरी दाखवूनही बाहेर येईना. आता मात्र मालन हादरली. तिळूला पिशवीत घालून तिने थेट जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कंबर दाबली, गुडघ्याची वाटी सरकते का पाहिलं, सांधे वाकवले. सगळं ठीक. मग बोटं फाकवली. एक नख वाढून, वळून तळव्यात रुतलं होतं.

"नखं कधी कापली होती?"

"आमच्या गावाक कुत्र्याची नखां कोण कापता?"

"गावाला ती मातीत धावून झिजतात, बाई. ही दिवसभर लादीवर लोळते." त्यांनी नख कापून औषध लावलं. "आठवड्यात पळेल. एवढ्यात काही होत नाही हिला."

मालनला इतकं हायसं वाटलं, की तिने डॉक्टरांनाच विचारलं, पाठबीठ दुखते का तुमची?

घरी येताच तिळू पुन्हा खाटेखाली. मालन लादीवर बसली, दोन्ही पाय लुगड्याखाली दडवून. "माजा चुकला गो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बऱ्याच वेळाने तिळू बाहेर आली. लुगड्यात नाक खुपसून तिने ते पाय शोधून काढले, त्यांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. पायांना मुंग्या आल्या तरी मालन हलली नाही.