तिच्या वतीनं

जिला ही बातमी मी सांगायची होती, तिला ती माझ्याकडून कळली नाही. बाकी जे काही झालं ते यातूनच झालं.

दोन हजार तीनचा जानेवारी. सोमवारची सुट्टी जोडून लाँग वीकेंड आला होता. फ्रीमाँटहून आम्ही दोघं, क्युपर्टिनोहून माझा मित्र आणि त्याची बायको, असे चौघं उत्तरेला मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर जाणार होतो. समुद्राकाठी लाकडी केबिन, मागे सॉनाची तापवलेली खोली, आणि सॉनाच्या दाराशी बर्फासारख्या गार पाण्याचा हौद. मित्र दोन महिने त्या हौदाबद्दलच बोलत होता. आदल्या वर्षी माझी नोकरी गेली होती. सात महिने घरी बसलो, मग कुठे नवी मिळाली. त्यानंतरची ही आमची पहिलीच सहल.

शुक्रवारी सकाळी सातला फोन वाजला. बायको खाली गॅरेजमध्ये गाडीत सामान भरत होती. साताऱ्याहून तिच्या धाकट्या भावाचा फोन होता.

"भाऊजी, मावशी गेली."

माझ्या बायकोची आई वारली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि भाऊ तीनचा. मावशी तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली ती राहिलीच. लग्न केलं नाही. दोघांना तिनंच वाढवलं. आमच्या लग्नात कन्यादानाला मामा-मामी बसले होते, पण बायको गळ्यात पडून रडली ती मावशीच्या.

"संध्याकाळी अचानक गेली," भाऊ म्हणाला. "हॉस्पिटलवाले म्हणतात, ठेवता येईल. ताई येणार असेल तर रविवारपर्यंत थांबतो. तिला विचारा."

मी व्हिसाचं सांगितलं. तिच्या पासपोर्टवरचा शिक्का संपला होता, मुंबईला नवा घ्यावा लागला असता, आणि त्या दिवसांत तो मिळेलच याची खात्री नव्हती. लोक महिनोन्महिने तिकडे अडकून पडत होते. हे सगळं खरं होतं. तरी तिला न पाठवण्याचं खरं कारण ते नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं. मला समुद्रावर जायचं होतं. इतकंच.

"ते ठीक आहे भाऊजी, पण ताईला द्या ना."

खालून ती ओरडली, "अरे, चिवड्याचा डबा कुठे ठेवलास?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. मग हात काढून म्हणालो, "ती फार रडतेय. बोलण्याच्या स्थितीत नाही. थांबू नका म्हणतेय."

 तो "बरं" म्हणाला.

मी खाली गेलो आणि डबा शोधून दिला. सोमवारी परतताना गाडीत सांगू, असं ठरवलं. दोन-तीन दिवसांनी काय बिघडणार आहे, असंही मनाशी म्हटलं.

गंमत अशी की वाटेत मला टोचत होतं ते खोटं बोलल्याचं नव्हे, अंघोळीचं. गेल्याचं कळलं की आधी डोक्यावरून अंघोळ, मग बाकी सगळं, ही आमच्या घरची रीत. मी देवाधर्माचं फारसं करणारा नव्हे, पण हे अंगात मुरलेलं. माझी अंघोळ फोनच्या आधीच झाली होती. पुन्हा केली असती तर तिनं विचारलं असतं, का? म्हणून मी तसाच गाडीत बसलो. चार तास मला आपण विटाळलेले आहोत असं वाटत राहिलं.

शनिवारी सकाळी चौघं सॉनात बसलो. बाहेर धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"यार, आपले आजोबा रोज गार पाण्यानंच अंघोळ करायचे," मित्र म्हणाला. "त्यांनी कधी त्यासाठी चार तास ड्राइव्ह केलं नाही."

बायको खदखदून हसली. "मावशी इथे असती ना, तर म्हणाली असती, आधी भट्टीत शिजता, मग गारठता, डोकी ठिकाणावर आहेत का? थांब, घरी गेल्यावर फोन करून सांगतेच तिला."

मी उठलो, बाहेर गेलो आणि त्या हौदात उतरलो. श्वास अडकला. डोळे मिटले आणि पूर्ण बुडालो, मनातल्या मनात मावशींचं नाव घेतलं. वर आलो तेव्हा ती दारात टॉवेल गुंडाळून उभी होती.

"आता तू," मी म्हणालो.

ती गळ्यापर्यंत उतरली. "आई गं! बास, झालं माझं."

"डोकं बुडवल्याशिवाय धरत नाहीत."

"केस ओले होतील रे. वाळायला दिवस जाईल."

"घाबरलीस?"

तिनं नाक धरलं आणि खाली गेली. वर आली तेव्हा तिचे दात वाजत होते, आणि ती हसत होती. मित्राच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, हिचीही अंघोळ झाली. मला सुटल्यासारखं झालं. त्या दिवशी दुपारी मी दोन वेळा वाढून घेऊन जेवलो. खोटं बोलण्यापेक्षाही मला त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज जास्त वाटते.

सोमवारी परतताना क्लोव्हरडेलला कॉफीसाठी थांबलो. इथे सांगू म्हटलं. ती तिथल्या दुकानात मावशीसाठी लोकरी मोजे बघत होती. नाही सांगितलं. पुढे खाडीवरच्या पुलावर सांगू म्हटलं, तर तिला झोप लागली होती.

घरी आलो तर आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. मी गाडीतून बॅगा काढून आत येईपर्यंत तिनं बटण दाबलं होतं.

"ताई, तू म्हणालीस तसं थांबलो नाही. शनिवारी सकाळी सगळं केलं. अग्नी मीच दिला. पण ताई, एकदा बोलली असतीस, तर बरं वाटलं असतं."

तिनं तो निरोप पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळली.

"कधी?"

"शुक्रवारी सकाळी. तू खाली होतीस."

ती कोट न काढताच खुर्चीवर बसली. तिनं विचारलं, "म्हणून मला डोकं बुडवायला लावलंस?"

मी मान हलवली. ती रडली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मग तिनं साताऱ्याला फोन लावला. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हो रे. मीच म्हणाले, थांबू नका."

तिनं तसं का केलं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

भावाचे फोन कमी झाले, आणि आले तरी त्यात एखादा टोमणा असायचाच. राखी पोचल्याचंही तो कळवेना. भारतात गेलो की तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. ती गप्प राहायची. मीही.

दोन हजार सातच्या शेवटी तो ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे अमेरिकेत, ट्रॉयला आला. तिथून दोन दिवसांसाठी आमच्याकडे आला. दुपारी जेवताना त्याच्या लग्नाचा विषय निघाला. उन्हाळ्यात काढायचं म्हणत होता.

"तारीख आधी कळव हं, तिकिटं काढायला बरं," ती म्हणाली.

"तू येशील ना पण?" तो हसून म्हणाला. "नाहीतर म्हणायचीस, थांबू नका."

ती ताकाचा पेला पुढे सरकवत होती. तिचा हात तसाच राहिला.

"ते ती म्हणाली नव्हती," मी म्हणालो. "मी म्हणालो होतो. तिला मी सोमवारपर्यंत कळूच दिलं नाही. आम्ही फिरायला गेलो होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. "ताई?"

"भात घेतोस का अजून?"

"अगं, पाच वर्षं मी तुला काय काय बोललो."

"बोललास," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरले. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, आणि दोघं लहान मुलांसारखी तशीच बसून राहिली. मी उठायला लागलो, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, जेवून घ्या." पाहुण्याला म्हणावं, तसं.

त्याला एअरपोर्टवर सोडून परतताना ती म्हणाली, "आता तुला हलकं वाटत असेल."

"नाही गं," मी म्हणालो.

खरं तर वाटत होतं.