टेबलवाल्या काकूंचा प्रोसेसर

कॉम्प्युटरचे सुटे भाग आधी टेबलावर उघडेच जोडायचे, चालू झाले की मगच डब्यात बसवायचे, ही काकूंची रीत. म्हणून त्या टेबलवाल्या काकू. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या.

अपघातात माझ्या दादाचा पाय मोडला. ऑफिसने सांगितलं, पुलांचे आराखडे घरून करा, पण सोमवारी घरच्या मशीनवर मोठ्या फाइली चालवून दाखवा. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. झालं, घरात मदतीला ऊत आला! मी मदरबोर्ड आणला, वहिनीच्या भावाने नवाकोरा प्रोसेसर. दोघांनाही दादाला चकित करायचं होतं, मग एकमेकांना विचारणार कोण? प्रोसेसर बोर्डाच्या खाचेत चपखल बसला, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

रविवारी सगळी वरात काकूंच्या घरी.

"बसला म्हणजे जुळला का?" काकू कडाडल्या. "बोर्ड जुना आहे. त्याच्यातला प्रोग्राम ह्या प्रोसेसरला ओळखतच नाही. तो प्रोग्राम नवा करायचा, तर बोर्ड आधी जुन्या प्रोसेसरवर सुरू व्हायला हवा."

"मग जुना आणते की!" मी म्हणाले.

"आज? दुकानं बंद आहेत, अगं."

काकूंनी कुबड्या सावरत बसलेल्या दादाकडे पाहिलं आणि स्वतःचा कॉम्प्युटर उघडला. त्यांचं सगळं काम त्याच्यावर चालायचं. त्यातला प्रोसेसर त्यांनी आमच्या बोर्डावर बसवला. मध्येच कुणी बटण बंद केलं तर बोर्ड कायमचा निकामी, म्हणून वहिनी बटणापाशी पहारा देत उभी राहिली. प्रोग्राम नवा झाला. मग आमचा प्रोसेसर बसला आणि स्क्रीन उजळली. दादाने पूल उघडून गरकन फिरवला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"निघा आता, उद्याची तयारी करा," म्हणत काकूंनी आम्हाला अक्षरशः पिटाळलं.

दादाची नोकरी टिकली. ते सांगायला मंगळवारी गेले, तर काकू भिंग लावून प्रोसेसरच्या वाकलेल्या पिना सुईने सरळ करत होत्या. त्यांचा कॉम्प्युटर तसाच उघडा पडला होता.

"हे कधी झालं?"

"तुमच्या बोर्डावरून घाईत काढताना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमचं काम टाकून माझंच करत बसला असतात."

मी टेबलावरचा दिवा उचलून धरला. "काकू, तुमचे उपकार मी..."

"उजेड हलवू नकोस," काकू म्हणाल्या.